एका नावाची तीन स्पेलिंगं

ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारीबंदी उठली की डहाणू-तलासरीकडचे आदिवासी गडी ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळच्या बोटींवर खलाशी म्हणून निघतात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. त्यातली एखादी बोट पाकिस्तानच्या मॅरिटाइम सिक्युरिटी एजन्सीने पकडली की सात-आठ माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. इकडे पाड्यावर बातमी पोचते ती शेजारच्या बोटीच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, बिनतारीवर ऐकलेल्या दोन वाक्यांतून. त्या दोन वाक्यांपासून माणूस घरी येईपर्यंतचं काम आम्ही किनाऱ्यावरची काही मंडळी करतो, आणि निम्मं काम कराचीतला मित्र करतो. मित्र म्हणजे कधी वकील, कधी मच्छीमार संघटनेचा कार्यकर्ता, कधी नुसताच शाळामास्तर. प्रत्यक्ष भेट बहुधा कधीच झालेली नसते, पण एकमेकांच्या मुलांच्या परीक्षा कधी आहेत ते माहीत असतं. या मैत्रीत गप्पा कमी आणि नावांचं स्पेलिंग जास्त. हे काम कसं चालतं आणि कुठे अडतं, ते नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी लिहितो आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे यादी. बोट समुद्रात जाण्याआधी गुजरातच्या मत्स्यखात्याचं टोकन निघतं आणि त्यात खलाशांची नावं असतात. बोटमालकाकडून त्या टोकनाची प्रत त्याच दिवशी मागून घ्यायची, दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन लागेलच असं नाही. टोकनावरची नावं मात्र जशीच्या तशी खरी धरायची नाहीत. बोट सुटायच्या वेळी एखादा आजारी पडतो, त्याच्या जागी भाऊ किंवा मेहुणा चढतो, कागद बदलत नाही. मग मलीरमध्ये बसलेला एक, टोकनावर दुसरा, आणि टोकनावरचा माणूस इकडे घरी भात झोडतोय. म्हणून प्रत्येक नावामागे घरच्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा: शेवटचं बोलणं कधी झालं आणि तेव्हा तो कुठल्या बंदरावर होता? बोटीचा नोंदणी क्रमांकही पूर्ण घ्यायचा, ‘आयएनडी-जीजे-२५-एमएम’ आणि पुढचे आकडे, अशा रीतीने. एकाच देवाच्या किंवा देवीच्या नावाच्या चार-पाच बोटी एका बंदरात असतात. नुसत्या बोटीच्या नावावर कराचीत शोध लागत नाही.

आता नाव. इथे सर्वात जास्त वेळ घालवावा लागतो आणि तो घालवला नाही तर पुढे वर्ष जातं. समजा माणूस लहानू बुध्या धोडी. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर आडनाव आधी: धोडी लहानू बुध्या. तुरुंगातला मुन्शी उर्दूत लिहितो नाव, वल्दियत, सकूनत, म्हणजे नाव, बापाचं नाव, राहण्याचं ठिकाण. तो पहिला शब्द नाव धरतो आणि दुसरा बापाचं नाव. झालं, ‘धोडी वल्द लहानू’. असा कुणी माणूस डहाणू तालुक्यात नाही, हे आपले पोलीस खरंच सांगणार, कारण तसा कुणी नाहीच.

त्यात उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहीतच नाहीत आणि ळ, ण या अक्षरांना जागाच नाही. ‘सोनाळे’चं ‘सोनाले’ होतं, ‘मंगळ्या’चं ‘मंगल्या’, आणि तेच इंग्रजीत उतरलं की ‘मंगलिया’. वारली घरांत वारावरून नावं ठेवायची रीत आहे, त्यामुळे एकाच पाड्यावर तीन बुध्या आणि दोन शुक्र्या, आडनाव एकच. बोटीवर तर त्यांना भलत्याच टोपणनावाने हाक मारतात आणि पकडल्यावर घाबरलेला माणूस तेच टोपणनाव सांगून बसतो. वयाचंही तसंच: आधारवर १ जानेवारी, तुरुंगात अंदाजे, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच.

जिल्ह्याची गंमत वेगळी. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधीच्या शिधापत्रिका, दाखले, मतदार ओळखपत्रं सगळी ठाणे जिल्ह्याची. खलाशी बऱ्याचदा ‘जिल्हा ठाणे’ असंच सांगतो. उर्दूत ते ‘थाना’ होतं, आणि थाना म्हणजे तिकडेही पोलीस ठाणंच. एका रकान्यात ‘थाना डहाणू’ असं आलं की कुणी ते जिल्हा म्हणून वाचतं, कुणी पोलीस ठाणं म्हणून. कागद ठाण्याला गेला तर तिथून पालघरला यायला आणखी काही आठवडे.

म्हणून आम्ही एका माणसाला एक पान ठेवतो. वर नाव तीनदा: देवनागरीत, आधारवर आहे तसंच इंग्रजीत, आणि उर्दूत. उर्दूचा रकाना कराचीतला मित्र भरतो. आपण नाव बोलून पाठवायचं, सावकाश, दोनदा. तो लिहून फोटो पाठवतो आणि आपण त्याच्याकडून ते परत मोठ्याने वाचून घेतो. वाचताना ‘लहानू’चं ‘लेहनो’ झालं की लगेच कळतं आणि तो ऱ्हस्व स्वरांची चिन्हं देतो. खाली टोपणनाव, बापाचं नाव, आईचं नाव, पाडा, गाव, तालुका, ‘पालघर (पूर्वीचा ठाणे)’, अंगावरची एक ठळक खूण, बोटीचा क्रमांक, पकडल्याची तारीख. आईचं नाव कुणी मागत नाही, पण तीन बुध्यांतला नेमका कोणता हे ठरवायला तेच उपयोगी पडतं. पानाच्या चार प्रती: पोलीस ठाणं, मत्स्यव्यवसाय कार्यालय, खासदारांमार्फत परराष्ट्र मंत्रालयाला एक, आणि एक घरी, प्लास्टिकच्या पिशवीत. घरची प्रत पावसात भिजून गेली म्हणून सगळं पुन्हा करावं लागल्याचं इतक्यांदा झालंय की पिशवीचं सांगणं सोडू नये.

मित्राशी बोलायची भाषा हिंदुस्तानी, लिपी रोमन. ऐकायला सोपं वाटतं, पण खड्डे आहेत. ‘कल पेशी’, म्हणजे कोर्टाची तारीख काल की उद्या? दोन्ही देशांत हा शब्द दोन्हीकडे चालतो. म्हणून नुसतं कल, परसों लिहायचं नाही, तारीख लिहायची. ‘चालान पेश हो गया’ असा निरोप आला की इकडे घरचे विचारतात, दंड किती भरायचा? तिकडे चालान म्हणजे आरोपपत्र. ‘सज़ा मुकम्मल’ म्हणजे शिक्षा संपली, सुटला असं नव्हे; या दोहोंमधलं अंतर पुढे येईलच. ते तांडेलाला नाखुदा म्हणतात. वेळही लक्षात ठेवायची: त्यांचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, आणि शुक्रवारी दुपारी तिकडून उत्तराची अपेक्षा करू नये.

काय लिहायचं नाही हेही ठरलेलं असावं. बोट कुठे पकडली त्याचे अक्षांश-रेखांश नाहीत, बंदराचे फोटो नाहीत, नकाशावरच्या खुणा नाहीत, कुणी फॉरवर्ड केलेलं काही नाही. क्रिकेट चालतं, राजकारण नाही. आपल्याला ते निरुपद्रवी वाटेल, पण दोन्हीकडे हे निरोप उद्या कुणी तरी संशयाने वाचू शकतो, आणि तेव्हा त्रास आपल्यापेक्षा त्याला जास्त. निरोप असा असावा की तो कोणत्याही फौजदारासमोर उघडा ठेवता येईल.

मित्र तिकडे करतो काय? पकडलेली माणसं कराचीत आणली की बहुधा डॉक्स पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवतात: परकीय नागरिक कायदा आणि मासेमारीचा कायदा. मित्र तिथून गुन्ह्याचा क्रमांक काढतो, मग कोर्ट कोणतं, तारीख कधी. बहुतेक जण गुन्हा कबूल करतात आणि शिक्षा महिन्यांत मोजण्याजोगी असते. कोर्टाचा भाग एवढाच. तुरुंगात मात्र साबण, तेल, चादर, खरजेचं मलम, रक्तदाबाच्या गोळ्या लागतात, आणि हा सगळा खर्च तिकडची माणसं आपल्या खिशातून करतात. इकडून पैसे पाठवायची सरळ वाट नाही. आडवाटेने पाठवायचा प्रयत्न तर अजिबात करू नये. पकडलं गेलं तर अडकतो तो मदत करणाराच. तिकडचं सेवाभावी एधी फाउंडेशन अनेक वर्षं सुटणाऱ्या भारतीय मच्छीमारांना कपडे, भेटवस्तू, वाटखर्च आणि लाहोरपर्यंतचा प्रवास देत आलं आहे. २०१० साली कराचीतल्या पाइलर या श्रमिक संस्थेने आणि तिथल्या मच्छीमारांच्या संघटनेने भारतीय मच्छीमारांसाठी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि त्यानंतर चारशेहून अधिक माणसं घरी आली. आपल्याकडे किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे.

परतफेड पैशात होत नसली तरी होते. सर क्रीक या कच्छ-सिंध सीमेवरच्या खाडीच्या आसपास पकडले गेलेले तिकडच्या इब्राहिम हैदरी, रेहरी गोठ, ठठ्ठा, बदीनचे मच्छीमार कच्छमध्ये आणले जातात आणि पुढे गुजरातच्या तुरुंगांत जातात. त्यांच्या घरच्यांनाही नेमकं हेच कळत नसतं: कुठे आहे, कोणत्या कोर्टात, औषध मिळतं का. तिकडचा मित्र नाव पाठवतो, आपण भुजच्या वकिलाला गाठतो. गुजराती कागदातलं नाव आपण वाचून दाखवतो, तो उर्दूत लावून बघतो. तेही ‘अल्लाबख्श’चं गुजरातीत काय झालं असेल या शोधात तितकेच हैराण.

आता सरकारी वाट. २१ मे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात. अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट, आणि शिक्षा संपून नागरिकत्व पक्कं झालं की महिन्याच्या आत सुटका, असंही त्यात आहे. याद्या वेळेवर जातात, युद्धाच्या वर्षीही गेल्या: १ जुलै २०२५ च्या पाकिस्तानच्या यादीत १९३ भारतीय मच्छीमार होते, भारताच्या यादीत ८१ पाकिस्तानी. बाकीच्या दोन मुदती कागदावर. कराचीतली आपली उपवकिलात १९९४ पासून बंद आहे आणि मुंबईतली त्यांचीही. अधिकारी इस्लामाबादहून कराचीला येणार, आणि एप्रिल २०२५ नंतर इस्लामाबाद आणि दिल्लीतल्या दोन्ही उच्चायुक्तालयांची माणसं तीस-तीसवर आली आहेत. दोन्ही बाजूंच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती तुरुंगांना भेटी देत असे, तिची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ मधली.

वकिलातीची भेट झाली की माणसाने सांगितलेला पत्ता दिल्लीला येतो, तिथून राज्याच्या गृहखात्याकडे, पालघरच्या पोलीस अधीक्षकांकडे, मग पोलीस ठाण्याकडे, आणि अखेर एक हवालदार पाड्यावर येतो. सगळ्यात जास्त प्रकरणं इथे बुडतात, आणि कारण साधं आहे: दाराला कुलूप. दिवाळीनंतर घरची मंडळी वीटभट्टीवर गेलेली असतात, थेट पावसाच्या तोंडावर परततात. हवालदार भरदुपारी येतो, शेजारी कुणी नाही, शेरा पडतो ‘पत्त्यावर आढळून आले नाही’. तो शेरा वर गेला की नागरिकत्व पक्कं होत नाही, आणि ते पुन्हा तपासायला लावणं पहिल्यांदा तपासण्यापेक्षा कठीण. उपाय एकच: पान देताना पोलीस ठाण्यात पोलीस पाटलाचा आणि गावात राहणाऱ्या एका नातेवाईकाचा नंबर लिहून द्यायचा, आणि कुटुंब भट्टीवर जाणार असेल तर कुठल्या गावच्या भट्टीवर तेही. कागदांत आधार, शिधापत्रिका, मतदार यादीतलं पान, जातीचा दाखला, आणि सगळ्यात भक्कम म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, कारण त्यावर फार पूर्वीची तारीख असते. माणूस शाळेत गेलाच नसेल तर त्याच्या मुलाचा दाखला, त्यावर बापाचं नाव असतं.

घरच्यांची मदत हा आणखी एक गुंता. गुजरात सरकार आपल्या अडकलेल्या मच्छीमारांच्या घरी दिवसाला ३०० रुपये देतं. बोट गुजरातची आणि खलाशी महाराष्ट्राचा, तर तो आमच्या यादीत नाही, असं गुजरात म्हणतं. आपल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज वेगळा द्यायचा आणि पोच घ्यायची, तोंडी ‘बघतो’वर परत यायचं नाही.

मग वाट पाहणं. शिक्षा संपलेली असते, नागरिकत्वही कधी कधी पक्कं असतं, तरी सुटका ठोकात होते, दोन सरकारांच्या मूडप्रमाणे. मे २०२३ मध्ये १९८, जूनमध्ये २००, नोव्हेंबरात ८०. फेब्रुवारी २०२५ मध्ये फक्त २२. या काळात घरच्यांना काय सांगायचं हा कामाचा अवघड भाग आहे. ‘पुढच्या महिन्यात येईल’ असं कधीही म्हणू नये. मित्राने ‘सुना है’ म्हटलेलं पाड्यावर पोचवू नये. पक्कं तेवढंच: अमुक तारखेला तो कोर्टात दिसला, तब्येत बरी होती. पूर्वी तुरुंगातून चिठ्ठ्या यायच्या, महिनोन्महिने लागायचे पण यायच्या. २०१९ मध्ये पाकिस्तानने टपाल थांबवलं, काही महिन्यांनी पत्रं पुन्हा सुरू झाली. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारं टपाल बंद केलं. आता घरच्यांचा निरोप वकिलामार्फत तोंडी जातो. निरोप लहान ठेवावा, तीन वाक्यं: कोण बरं आहे, कुणाचं लग्न झालं, भात किती झाला. बाप वारल्याची बातमी पाठवायची का, हे घरच्यांनी ठरवायचं, आपण नाही.

आणि माणूस तिकडेच गेला तर. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी मलीरमध्ये वारला, त्याला घरी यायला साधारण दीड महिना लागला. अशा वेळी लागतं ते: घरच्यांचं ओळख पटवल्याचं प्रतिज्ञापत्र, नात्याचा पुरावा, देह ताब्यात कोण घेणार त्याचं नाव आणि त्याचा आधार. ही तीन कागदं आपण पहिल्याच दिवशी करून ठेवायची, दिल्लीहून मागणी येईपर्यंत थांबायचं नाही. कराचीत मित्राकडून शवागारातल्या नोंदीवरचं नाव तपासून घ्यायचं. इथेही स्पेलिंगच. नोंदीवरचं नाव आणि प्रतिज्ञापत्रावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असेल तर दोन्हींचा उल्लेख ‘ऊर्फ’ लावून करावा. कराची ते लाहोर, वाघा, अमृतसर, मुंबई, डहाणू: पेटी घरी उघडता येईलच असं नाही, हे आधी सांगून ठेवावं.

सुटकेची बातमी येते तेव्हा सगळं एकदम येतं. मित्राचा फोटो येतो: मलीरच्या दारात रांग, हातात पिशव्या. तुरुंगात शिकलेलं मण्यांचं काम बरेच जण घेऊन येतात, टोप्या, पर्सा. कराची ते लाहोर रेल्वे, मग वाघा. नावांची यादी तेव्हाच मागून घ्यायची, अंतिम. आधीच्या यादीतला एखादा ऐन वेळी गळतो, आणि त्याचे घरचे इकडे स्टेशनवर हार घेऊन उभे राहिले तर त्याला आपण जबाबदार. वाघा ओलांडताना हातात वकिलातीने दिलेला एकपानी प्रवासाचा दाखला असतो. तो दाखला जपून ठेवायला सांगावा, पुढे मदतीच्या अर्जाला लागतो. बहुतेक जण अमृतसरलाच टाकून देतात. अटारीला सीमा सुरक्षा दल, वैद्यकीय तपासणी, चौकशी. नंतर गुजरातच्या मत्स्यखात्याची माणसं सगळ्यांना रेल्वेने वडोदऱ्याला आणि तिथून बसने वेरावळला नेतात. पालघरच्या माणसांची नावं महाराष्ट्राकडून आधी कळवली गेली नाहीत तर तीही थेट वेरावळला जाऊन पुन्हा उलटी खाली येतात, दोन दिवस जास्त. कळवणारं कार्यालय झोपलेलं असेल तर आपणच अमृतसरच्या पथकाला यादी पाठवावी. अटारीची चौकी २३ एप्रिल २०२५ पासून येण्याजाण्याला बंद असली तरी सरकार सरकारला माणूस सोपवतं तेव्हा फाटक उघडतं.

घरी आल्यावर पहिल्या रात्री एक काम उरकायचं. दमलेला असतो, लोक जमलेले असतात, तरी अर्धा तास बाजूला बसवायचं आणि विचारायचं: बराकीत अजून कोण आहे, कुठला, बोट कोणती, कोण आजारी आहे. आठवड्याने विचारलं तर निम्मी नावं विसरलेली असतात. उत्तर मिळेल ते टोपणनावांतच: ‘तो घोलवडचा लंगडा, त्याच्या पोटात दुखतं.’ ते तसंच लिहायचं आणि त्याच रात्री कराचीला पाठवायचं. तिकडे साडेदहा, आपल्याकडे अकरा. उत्तरात बहुतेक वेळा पहिल्यांदा एक प्रश्न येतो, घोलवडमध्ये ‘घो’ की ‘गो’, आणि त्याखाली भुजला कळवायचं रेहरी गोठचं एक नाव.